लुलेओ ते मालागा, वजा एक तास

शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. (रेनडिअर पाच नव्हते, तीन होते. पण पाच म्हटलं की रस्ता नीट अडल्यासारखा वाटतो.)

आमचं टॉर्निओ फिनलंडमध्ये आणि पूल ओलांडला की हापारांडा, ते स्वीडनमध्ये. तिकडची घड्याळं तासभर मागे. त्यामुळे पुलावर चाक चढलं की मनातल्या मनात एक तास वजा करायचा, हे आम्ही दुधाच्या दातांबरोबर शिकतो.

माझ्या सासूबाई, सिग्ने, म्हातारपणी उन्हासाठी स्पेनला मालागात जाऊन राहिल्यात. यंदा त्यांची ऐंशी. साठीला माझं विमान चुकलं, सत्तरीला मी विमानतळच चुकलो. म्हणून बायकोने, गुनिल्लाने, आधीच बजावलं, "औलिस, आई तुझ्यासाठी केक अडवून बसणारेय. या खेपेला पोचला नाहीस तर पुन्हा बोलावणार नाही. आणि मी तिच्या बाजूने असेन."

तेव्हा मी एक छोटासा निर्णय घेतला. जुनं मनगटी घड्याळ घरी ठेवलं आणि नवा मोबाईल खिशात टाकला.

आम्ही दोघं स्वीडनमधल्या लुलेओच्या विमानतळाकडे निघालो. गाडीत मी हिशेब मांडला. "लुलेओ ते मालागा साडेतीन हजार किलोमीटर. पाच तास. दहाला उडालं की तीनला केक."

"साडेतीन हजारांचं वैमानिक बघेल. तू पहिले दीडशे सांभाळ."

तेवढ्यात रस्त्यात आडवे ते पाच रेनडिअर.

"हॉर्न वाजव ना."

"वाजवला. तुझ्या आईसारखे बघतायत माझ्याकडे."



तरी वेळेत पोचलो. तपासणी झाली, गुनिल्ला विमानाच्या दारापाशी बसली, मी कॉफी आणायला गेलो. मोबाईलवर नऊ दहा. वजा एक, आठ दहा. दार बंद होणार नऊ चाळीसला. दीड तास. मी कॉफीऐवजी सामन माशाचं सूप मागवलं. मध्ये औलिस नावाच्या कुणा गाढवाला दोनदा पुकारलं. मला त्याच्या बायकोची कीव आली.

मग फोन वाजला.

"कुठे आहेस?"

"सूप पितोय. अजून तास आहे."

"मोबाईलमध्ये बघ. किती वाजलेत?"

"नऊ अडतीस. म्हणजे आठ अडतीस."



"औलिस, तो तास मोबाईलने पुलावरच वजा केलाय."

मी धावलो. चोपन्न वर्षांचा माणूस, पोटात सूप, पण हरणासारखा धावलो. दार मिटता मिटता आत घुसलो, तीनला मालागात उतरलो आणि सासूबाईंनी केकचा पहिला तुकडा माझ्याच ताटलीत ठेवला.

बरं, कबूल करतो. धावलो ते खरं. दारापासून पुढचं रचलेलं आहे.

गुनिल्ला एकटी गेली. संध्याकाळी तिचा निरोप आला. "आई चारपर्यंत थांबली. म्हणाली, औलिसला एक तास जास्तीचा द्यायलाच हवा. मग तुझा तुकडा कुत्र्याला घातला. तो वेळेवर आला होता."