मधल्या थांब्यावर उठायचं न्हाई!

प्रवास कसा करावा हे मला कुणी शिकवू नये! बैलगाडीतून सासरी आले, एसटीत उभ्याने बाळंतपणाला माहेरी गेले, आणि पुढची सगळी वर्षं गोरेगाव-हिंगोली जीपमध्ये काढली. जीपचा नियम मला पाठ आहे. मध्ये गाडी थांबली की हलायचं नाही. हललात की तुमच्या जागेवर दुसरा टेकलाच! ड्रायव्हर आपल्या गावाचं नाव घेऊन ओरडेल, तेव्हाच उठायचं.

माझी नात प्रियंका दूर समुद्रातल्या एका चिमुकल्या बेटावर राहते. नवरा हरीश तिथल्या हॉटेलात आचारी आहे. तिची आई गेल्यापासून प्रियंका माझ्याच कुशीत वाढली, म्हणून लेकीच्या बारशाला तिचा एकच हट्ट होता : बाळाला पाळण्यात आजीनेच घालायचं!

शेजारच्या मोठ्या बेटावर मोठं विमान उतरायचं, तिथून छोटं धरायचं. हरीशने फोनवर समजावलं, "आजी, दोन बेटांत अंतर गोरेगाव ते हिंगोली असंल, जवळपास तेवढंच. विमान पंधरा मिनिटांत पोचते. दुपारी बारसं हाय, ध्यानात ठेवा!"

"पंधरा मिनिटांत तर आमची जीप भरत न्हाई, बाप्पा!" मी हसले.

सोबतीला हरीशची आई होती, आखाडा बाळापूरच्या निर्मलाबाई. छोटं विमान म्हणजे पंख लावलेली जीपच! ते उडालं, निर्मलाबाईंनी डोळे मिटून देवाचा धावा सुरू केला, आणि मी पिशवीतून दशमी काढते तोच विमान खाली टेकलंसुद्धा!

चार-पाच माणसं उतरली. दोन-तीन बसूनच राहिली. विमानवाला त्याच्या भाषेत काहीतरी पुटपुटला.

"मावशी, आलं वाटते," निर्मलाबाई उठू लागल्या.

"बसा खाली! अजून घास तोंडात न्हाई गेला. मधला थांबा असंल, कनेरगाव नाक्यासारखा. शिटा भरून राहिला तो."

"पण लोकं उतरून राहिले ना!"

"त्यांचं गाव आलं असंल. उठल्या तर जागा जाईल, सांगून ठेवते!"

खरंच दोन नवी माणसं चढली. "पाहा! काय म्हणलं मी?" दार लागलं, विमान पळू लागलं. कुंपणापाशी एक माणूस दोन्ही हात हलवत धावत होता.

"गाडी हुकली बिचाऱ्याची," मी हळहळले.

निर्मलाबाईंनी खिडकीला नाक लावलं आणि किंचाळल्या, "अवो, तो माझा हरीश हाय!"

दशमी माझ्या घशातच अडकली. पुढचं बेट मेलं चांगलंच लांब निघालं! तिकडे प्रियंका पाळण्यापाशी वाट बघत असणार, आणि तिची शहाणी आजी ढगात!

उतरल्यावर निर्मलाबाई रडत होत्या. मी तिथल्या बाईपुढे हाताने पाळणा हलवून दाखवला, मग मागच्या बेटाकडे बोट केलं. तिने आमच्या फोनवरून हरीशला गाठलं, ऐकता ऐकता पोट धरून हसली, मग तिच्याच डोळ्यांत पाणी आलं. पण परतीचं विमान गच्च भरलेलं! तिने प्रवाशांना काहीतरी सांगितलं, आणि एक म्हातारा-म्हातारी चटकन उठून बाजूला झाली. दोघांनी आम्हाला आपल्या जागा दिल्या, स्वतः दुसऱ्या दिवशी गेली म्हणे!

जन्मभर जागा धरून बसलेली मी. ओळख ना पाळख, त्या दोघांनी ती सहज सोडली. मी हात जोडले, तर म्हातारीने माझे हात धरून हलके पाळण्यासारखे हलवले. आजही सकाळी देवापुढे त्या दोघांचं कल्याण मागते. नावं माहीत नाहीत. पण देवाला ठाऊक असतील.

या वेळी विमान टेकताच विमानवाला मागे वळून खास आमच्याकडे बघत बेटाचं नाव घेऊन ओरडला. सगळं विमान हसलं, आणि आम्ही सगळ्यांच्या आधी उतरलो!

दिवस मावळायला आला होता. प्रियंकाने पाळण्याला कुणाला हात लावू दिला नव्हता. सगळी पाहुणे मंडळी ताटकळलेली.

"आजी, काहून गं इतका उशीर?"

"तुझं गाव लहान पडलं, जरा पुढं जाऊन आले," मी म्हणाले. तिने हसत हसत मला मिठी मारली, आणि रडली.

मी पणतीला पाळण्यात घातलं आणि गाणं म्हणायला बसले. एक कडवं झालं, दुसरं झालं. पुढचं मला आठवत नाही. प्रियंका सांगते, बाळ टक्क जागं होतं, पाहुणे श्वास रोखून बसले होते, आणि घोरत होते ती मी एकटी!