तीन अटींच्या कुंदाताई

कुंदाताई सावंतांना शिडी हवी असली तर त्या शेजाऱ्याचं दार वाजवत नाहीत. आधी कॉम्प्युटर उघडून तीन अटी लिहितात: घरात शिडी आहे, दुपारी घरी असतात, आणि मागितली तर देतात. आमच्या सोसायटीत बऱ्याच घरांत शिड्या आहेत. तिसरी अट घातली की एकच घर उरतं, सी विंगमधल्या पाटलांचं. त्यांच्या शिडीची एक पायरी मोडकी आहे, आणि पाटलांच्या पानावर तशी नोंदही आहे.

ह्या सगळ्याला जबाबदार मी आहे. ठाण्याच्या एका कंपनीत यंत्रांची माहितीपुस्तकं लिहायचं काम मी करतो. आम्ही ती विकीवर ठेवतो. विकी म्हणजे कॉम्प्युटरवरची वही, हव्या त्या पानावरून हव्या त्या पानावर जाता येणारी. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीत प्लंबरचा नंबर दर महिन्याला हरवायचा, म्हणून मी हौसेने तशी एक वही सोसायटीसाठी करून दिली. वाचायची मुभा सगळ्यांना, लिहायची फक्त मला. चार महिने ती कुणी उघडली नाही. मग एका शनिवारी बी विंगच्या तळमजल्यावरच्या कुंदाताई वर आल्या आणि म्हणाल्या, "नितीन, ते तुझं काय आहे ते मला दाखव."

कुंदाताईंची नोकरी खोपटच्या एसटी डेपोत, चौकशीच्या खिडकीत झाली. लग्न केलं नाही. निवृत्त होऊनही आवाज मात्र खिडकीतलाच राहिला, समोरच्याच्या मागे अजून वीस माणसं उभी असल्यासारखा. मी त्यांना पानाला टॅग, म्हणजे ओळखीच्या छोट्या चिठ्ठ्या, कसे लावायचे ते दाखवलं. मग त्या टॅगांवर अटी घालून हवी तेवढीच पानं कशी गाळून काढायची, तेही दाखवलं.

"म्हणजे मी विचारायचं आणि ह्याने सांगायचं?"

"हो."

"आयुष्यभर उलटं केलं रे मी," त्या म्हणाल्या, आणि जाताना लिहायचा पासवर्ड घेऊन गेल्या.

दोन महिन्यांत प्रत्येक घराचं पान तयार झालं. टॅग तरी काय एकेक. 'इंजेक्शन देता येतं', 'नारळ सोलता येतो', 'कुत्र्याला घाबरतात', 'बोलायला लागले की थांबत नाहीत'. माझ्या पानावर 'हो म्हणतो, करत नाही' असा टॅग होता. मी तक्रार केली तर म्हणाल्या, "पुरावा आण, काढते." तो टॅग अजून आहे.

एका अटीच्या शोधावर त्यांचा विश्वास नाही. "एका अटीत गर्दी येते, दोन अटींत नातेवाईक येतात, माणूस सापडतो तो तिसऱ्या अटीला," असं त्या शिकवतात. आणि माहीत असलेली गोष्टसुद्धा वहीत बघितल्याशिवाय सांगत नाहीत. पाटील समोर पार्किंगमध्ये उभे असताना कुरियरवाल्याने "पाटील कुठे राहतात?" विचारलं, तर ह्या आत जाऊन पान उघडणार. पाटील बिचारे हात वर करून उभे. मी हसलो तर म्हणाल्या, "अंदाजाने सांगितलं की माणूस अलिबागऐवजी आळेफाट्याला पोचतो. मी पोचवलाय एकदा. अजून आठवतो त्याचा चेहरा."

चुका त्यांच्याही होतात. संक्रांतीच्या हळदीकुंकवाची आमंत्रणं धाडायचं काम महिला मंडळाने त्यांच्यावर सोपवलं. कार्यक्रम फक्त बी विंगचा होता. लिहायचं होतं 'बायका आणि बी विंग', कुंदाताईंनी घाईत लिहिलं 'बायका किंवा बी विंग'. झालं, तिन्ही विंगांच्या बायकांना आमंत्रण गेलं आणि बी विंगच्या यच्चयावत पुरुषांनाही. त्यातले चार इस्त्रीचे शर्ट घालून आले. कुंदाताईंनी त्यांना परत पाठवलं नाही. तिळगूळ दिला, वाण म्हणून चहाच्या गाळण्या दिल्या आणि ओळीने बसवलं.

गडबडीत मंडळाच्या अध्यक्ष काकूंच्या लक्षात आलं की आमंत्रण माझ्या आईलाही गेलंय. बाबा जाऊन दहा वर्षं झाली. तेव्हापासून आईला हळदीकुंकवाला कुणी बोलावलेलं नव्हतं. काकूंनी कुंदाताईंना बाजूला घेऊन हळूच विचारलं, "अगं, ह्यांचं नाव कसं आलं यादीत?"

"बायका म्हटलं होतंत ना? त्यात नवऱ्याची अट नव्हती," कुंदाताई खिडकीतल्या आवाजात म्हणाल्या. सगळ्यांनी ऐकलं. ही चूक होती की नाही हे मी त्यांना कधी विचारलं नाही. आईने वाणात मिळालेली ती गाळणी वापरायला काढलेली नाही, ओट्यावरच्या खिळ्याला टांगून ठेवली आहे.

मग देशमुखांचं प्रकरण झालं. देशमुख ए विंगमध्ये एकटे राहतात, मुलगा कॅनडात. प्लंबरचा नंबर शोधता शोधता त्यांना स्वतःचंच पान दिसलं, आणि त्यावर टॅग होता: 'मुलाचा फोन येत नाही'. माणूस दुखावला. दुखावणारच, खरं होतं आणि चारचौघांत मांडलेलं होतं. मीटिंगमध्ये ते एवढंच म्हणाले की माझं घर म्हणजे नोटीसबोर्ड नाही. बाकीच्यांनीही मग आपापली पानं उघडून बघितली आणि एकच गलका झाला. सेक्रेटरी म्हात्रेंनी मला बाजूला घेतलं. "भाऊ, आपल्याला लफडा नको. रविवारपर्यंत उडवून टाक ते सगळं."

मी हो म्हटलं.

शनिवारी दुपारी पुसायला बसलो. पुसण्याआधी कुंदाताईंनी साठवून ठेवलेले शोध चाळले. शिडी, नारळ, इंजेक्शन. सगळ्यांत खाली एक होता, नाव नुसतं 'सकाळ'. त्याच्या तीन अटी होत्या: दिवसा एकटे असतात, गावाला गेलेले नाहीत, आज दिसलेले नाहीत. हा शोध रोज चालवलेला होता, एकही दिवस न चुकता.

प्रत्येक एकट्या माणसाच्या पानावर 'आज दिसले' अशी एक जागा होती, पासवर्ड असलेल्यालाच दिसणारी. देशमुखांच्या पानावर लिहिलं होतं: 'दूध उचललं नव्हतं, दहाला मी शब्दकोडं विचारायच्या निमित्ताने गेले, ताप होता, डॉक्टर बोलावले.' आईच्या पानावरही नोंदी होत्या. मी साडेसातला ठाण्याला निघतो, त्यानंतरच्या.

"आई, कुंदाताई येतात का गं इकडे?"

"येते की. कढीपत्ता मागायला. ज्या दिवशी मी गॅलरीत गेलेली नसते ना, नेमकी त्या दिवशी," आई म्हणाली. "तिच्याकडे आहे कढीपत्त्याचं झाड. मी कधी बोलले नाही."

मला स्वतःची लाज वाटली. माझी आई आज उठली का, हे जी बाई रोज बघत होती, तिची वही पुसायला मी बसलो होतो. ती वही शेवटी पुसली नाही हे आधीच सांगतो. टॅग लोकांच्या नजरेआड केले, दिवसा एकट्या असणाऱ्या प्रत्येकाला 'सकाळ'बद्दल विचारलं, आणि सगळ्यांनी राहू दे म्हटलं. देशमुख म्हणाले, "मला वाटायचं तिला कोडी येत नाहीत."

पण त्या शनिवारी मी 'सकाळ' चालवून बघितला. यादीत एक नाव उरलं होतं. मागचे दिवस पाहिले, रोज तेच एक नाव उरत होतं: कुंदा सावंत.

मी लॅपटॉप तसाच उघडा घेऊन खाली गेलो. त्यांनी दार उघडलं. "पुसायला आलास ना? पूस. सकाळची यादी तेवढी कागदावर उतरवून घेऊ दे."

"तुमचं नाव रोज का उरतं ह्यात?"

त्यांनी चष्मा वर केला. "नियम आहे. आपण दिसलो हे आपण नाही लिहायचं. दुसऱ्याने बघितलं तर त्याने लिहायचं."

"मग कुणी लिहीत का नाही?"

"पासवर्ड दोघांकडेच आहे," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडे आणि माझ्याकडे."

त्यात टोमणा नव्हता. गाडी किती वाजता सुटते ते सांगावं तसं त्यांनी सांगितलं. मी दारातच उभ्या उभ्या त्यांचं पान उघडलं, नोंद केली आणि शोध पुन्हा चालवला. पडद्यावर काहीच उरलं नाही. कुंदाताईंनी लॅपटॉप माझ्या हातातून घेतला, जवळ धरला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"यादी अशी रिकामी मी पहिल्यांदाच बघत्येय," त्या म्हणाल्या.