आईचा सीन

चॅनेलच्या मॅडमनी सीन परत पाठवला. "दोन पुरुषांचं प्रेम आहे, देवेश. जरा भावना येऊ दे."

देवेशने मालिकेतल्या त्या दोघांना गच्चीवर उभं केलं होतं, खिडकीत उभं केलं होतं, पावसातही भिजवलं होतं. तो स्वतः राहायचा त्या बजाजनगरात तेव्हा पाणी टँकरने यायचं. दोघं एकमेकांकडे बघत इतके रडले होते, की घरात कोणीतरी गेलंय असं वाटावं.

त्यात घरी त्याच्यासोबत राहणारा ऋतुराज रुसलेला. टँकर आला तेव्हा देवेश लिहीत बसला आणि ड्रम भरायचा राहिला. ऋतुराज कंपनीतून आला, तळातलं पाणी तांब्यात घेतलं, देवेशपुढे आपटलं आणि पाठ करून बसला. स्वतः प्यायला नाही.

देवेशने तेच लिहिलं.

सीन ४७. स्वयंपाकघर.
तो तांब्या आपटतो. पाठ करून बसतो. संवाद नाही.

चॅनेलने व्हायोलिन घातलं. लोक रडले.

पिशोरला ऋतुराजची आई सरूबाई रडली नाही. तिने फोन केला. "ऋतू, टीव्हीवरल्या शिरेलीतल्या त्या पोराला तुझ्या बापाचा राग कुठनं आला रं?"

तिचा नवरा कडूबा असाच रुसायचा. तो गेल्यावर असं रुसणारा जगात एकच उरला होता.

"योगायोग असंल, माय."

"असंल. येते मी."

सीन. खाट.

सरूबाईला देवेश म्हणजे 'रूम पार्टनर' एवढंच माहीत होतं. म्हणून शेजारच्या लीलाबाईंची खाट उसनी आणून दुसऱ्या खोलीत टाकली. घाईत खाटेवर वाळत घातलेले पापड तसेच राहिले.

"हितं कोण झोपतं?" सरूबाईने विचारलं.

"देवेश."

"पापडावर?"

ऋतुराजने टीव्ही लावला. मालिकेची वेळ झाली होती.

सीन. देवेशने न लिहिलेला.

पडद्यावरच्या आईला त्या दोघांचं कळलं. तिच्या हातातलं ताट तीन बाजूंनी तीनदा पडलं. "तू मला मेलास!" म्हणत ती कोसळली.

सरूबाईने टीव्ही बंद केला. ऋतुराज फरशीकडे बघत होता.

"ती माय म्हंजी मी का?"

"काकू, हा सीन माझा नाही," देवेश म्हणाला. "मॅडमनी दुसऱ्याकडून लिहून घेतला. मला जमला नाही. तुम्ही काय म्हणाल ते माहीत नव्हतं."

"अन् त्याला लई माहीत! तळपत्या उन्हात हंडे आणले म्या, तवा नाय पडले. हितं पंख्याखाली पडते व्हय?"

"मग काय करंल माय?" ऋतुराजने विचारलं.

सरूबाईने विचार केला. "पहिलं तर कायबी बोलायची नाय. भायेर जाऊन बसंल."

"अन् मग?"

"मग काय, ते तिला तरी कुठं ठावं?"

ती उठली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली.

सीन. नाव नाही.

दोघं आत. व्हायोलिन नाही. देवेश उठू लागला, तसा ऋतुराजने त्याचा शर्ट धरला. "बसू दे तिला." मग शर्ट सोडायचं राहूनच गेलं. एकमेकांकडे कोणी बघितलं नाही. बाहेरून पदराने नाक पुसल्याचा आवाज आला. नंतर तोही नाही.

देवेशला वाटलं, गेली बहुतेक.

"आरं," बाहेरून आवाज आला, "दोघं मिळून उपाशी मारता का मला?"