बुडाला झिलई

माझ्या हातात कला आहे, हे मी लहानपणापासून सांगत आलोय. ऐकून घ्यायला मात्र कुणी तयार नसतं! त्यात आमच्या सासूबाई तर नाहीच नाही. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण त्यांनी माझ्या एकाही कामाला बरं म्हटलेलं नाही. मी ठोकलेला खिळासुद्धा त्या हलवून बघतात. आणि तो हलतो, हे माझं दुर्दैव!

त्यामुळे आपल्या आईच्या पंचाहत्तराव्या वाढदिवसाला स्वतः घडवलेली सुरई द्यायची म्हणून बायकोने मातीकामाच्या वर्गात नाव घातलं, तेव्हा मीही घातलं.

"तुझ्यापेक्षा झकास सुरई करून आईंच्या हातात ठेवतो की नाही बघ!"

"आधी चाकासमोर सरळ बस," ती म्हणाली.

दोन महिने आम्ही बारा जण चिखलात लडबडलो. बायकोची सुरई मोठी डौलदार झाली. माझ्या सुरईची मान जरा एका बाजूला गेली, कुणीतरी हाक मारल्यासारखी.

सुरया एकदा भाजून झाल्या आणि झिलईचा दिवस उजाडला. झिलई म्हणजे दुधाळ पाणी. त्यात सुरई बुडवून पुन्हा भट्टीत घातली की ती चकाकते. वर्गाच्या बाई हे सगळं समजावत होत्या. त्यांचं शेवटचं एक वाक्य राहिलं होतं, तेव्हा मी चहाला गेलो.

परत आलो तर खोलीत कुणी नाही. टेबलावर बारा सुरया झिलईत बुडवून ओळीने उभ्या. एक उलटी करून बघतो, तर बुडाला झिलईच नाही! सगळ्यांनी बुडं पुसून टाकलेली! माझीही बुडवून पुसलेली, बहुधा बायकोने. मला असा संताप आला! दिसत नाही म्हणून काय बूड उघडं ठेवायचं? मी ब्रश घेतला आणि एकेकीचं बूड रंगवत सुटलो, चांगले दोन-दोन हात! आधी दुसऱ्याचं, मग आपलं, असा माझा स्वभाव. माझ्या सुरईपाशी आलो तर झिलई संपलेली! म्हटलं, असू दे. परोपकारात एवढं चालायचंच.

थोड्या वेळाने बाई आल्या आणि फोनवर बोलत बोलतच त्यांनी भट्टी लावली. सुरया हातात द्यायला मीच होतो.

दोन दिवसांनी भट्टी उघडली. काय ती चकाकी! बाईंनी पहिली सुरई उचलायला घेतली, तर भट्टीतली खालची फरशीच हलली! दुसरी धरली, तीही फरशीला घट्ट!

"बुडं पुसली नव्हती का?" बाईंचा आवाज चिरकला. "वितळून काच होते त्या झिलईची! फरशीला चिकटते, सांगितलं होतं ना!"

हेच ते शेवटचं वाक्य!

निवृत्त मास्तरांनी आपल्या सुरईला मिठी मारून जोर लावला. मास्तर भिंतीपर्यंत मागे गेले, सुरई जागच्या जागी!

"सरका," वर्गातले दंतवैद्य म्हणाले. "असली कामं रोज करतो मी."

त्यांनी मनगट फिरवून सुरई डावीकडे हलवली, उजवीकडे हलवली, आणि कट्कन तिचा कानच हातात आला!

"चूळ भरा," ते सवयीने म्हणाले.

मग मी माझी सुरई दोन बोटांनी उचलली. अलगद वर आली! सगळ्यांनी माझ्याकडे वळून बघितलं.

"यांचीच तेवढी कशी सुटली?" दंतवैद्यांनी तो कान हातात तोलत विचारलं.

"अहो, परोपकार केला मी!" असं ओरडून मी सगळं सांगून बसलो. सांगायला नको होतं! दंतवैद्यांनी तर माझा जबडाच न्याहाळायला घेतला.

बायको आपल्या सुरईवर हात ठेवून नुसती उभी राहिली. मला खरंच फार वाईट वाटलं. त्याच संध्याकाळी वाढदिवस होता!

"आईला रोज फोनवर सांगत होते, माझ्या हातची सुरई आणतेय म्हणून," ती शेवटी म्हणाली. "आण तुझी इकडे. आणि तिथे चकार शब्द काढायचा नाही!"

संध्याकाळी सासूबाईंनी सुरई हातात घेतली. फिरवून बघितली. टिचकी मारून बघितली. मी श्वास रोखून उभा! आणि त्यांचे डोळे चक्क भरून आले हो!

"काय गं सुंदर केलीस! मान कशी लाजून कलती ठेवलीय बघा. याला म्हणतात हात!"

नऊ वर्षं ज्या शब्दांसाठी तडफडलो, ते हे शब्द! आणि पडले बायकोच्या पदरात! ती खाली बघत "काहीतरीच हं, आई" म्हणाली.

मला राहवेना. निदान एकदा हात तरी लावावा म्हणून मी पुढे झालो.

"अहो जावईबापू!" सासूबाई किंचाळल्या. "लांब व्हा! पाडाल तुम्ही!"