खोऱ्यास कौल देण्यास फौज गेली त्याची हकीकत

श्री. घडलें तें घडलें तैसें सांगावयाची बुद्धि राहो, इतकेंच मागोन लेखनास आरंभ केला. शके सोळाशें एक्याण्णव, विरोधीनाम संवत्सरीं, चैत्रमासीं थोर राज्याची फौज घाट उतरोन पलीकडील खोऱ्यांत शिरली, आणि पुढें दरबारीं जाहीरनामा लाविला तो येणेंप्रमाणें: "आम्हांस भूमि नको. नाईकाचे जुलमाखालीं दबलेल्या रयतेस आपला धनी आपण निवडणें ठाऊक नाहीं, तें शिकवावयास फौज गेली. रयतेनें आनंदानें कौल दिला." यांतील पहिलें वाक्य खरें, कारण भूमि खडकाळ होती. ठाऊक नाहीं म्हणावें, तर खोऱ्यांत सात पिढ्यांची चाल ऐसी कीं, चैत्री पौर्णिमेस दर घरची एक काठी माळावर येई. नाईक हवा त्यानें काठी भुईंत रोवावी, नको त्यानें खांद्यावर घ्यावी, आणि खांद्यावरच्या काठ्या अधिक जाहल्या तर नाईकानें पागोटें उतरोन घरीं जावें. आणि हें शिकवावयास जें राज्य निघालें, तेथें धनी कोण असावा हें रयतेस कोणी एकदांही पुसलें नव्हतें.

काठ्या मोजण्याचा मान साबाजी वेळे याचा. मागील तीन वर्षें नाईकानें माळाभोंवतीं आपले स्वार उभे करोन लोकांकडोन काठ्या रोवविल्या होत्या. म्हणोन साबाजी वर्षभर दारोदार हिंडला, आणि लोकांस धीर दिला, आणि नाईकाचे निम्मे स्वारही फोडोन आपल्याकडे आणिले. पौर्णिमेस आठ दिवस राहिले तों फौज आली. मग साबाजी सरलष्कर हैबतराव यांचे डेऱ्यास जाऊन हात जोडोन बोलिला, "सरकार, आठ दिवस दम धरावा. आम्हीच त्यास उतरवतों." सरलष्कर हसोन म्हणाले, "मानकरी, तुम्हीच उतरविलेंत तर आम्ही एवढा घाट कशास उतरलों?" साबाजी बाहेर आला आणि पहाऱ्यावरील शिपायास पुसों लागला, "दादा, तुमचे मुलखीं धनी कसा निवडतात?" शिपाई म्हणाला, "आमच्याकडे अजून फौज आली नाहीं, बाबा."

दुसरे दिवशीं तोफा डागिल्या, आणि गढी पाडिली, आणि नाईक कैद केला, आणि त्या गडबडींत दोन वाड्या जळाल्या त्यांचा उल्लेख जाहीरनाम्यांत नाहीं. मग नाईकाचा पुतण्या भुजबा, जो लहानपणापासोन थोर राज्याचे दरबारीं वाढला आणि ज्यास खोऱ्यांतील विहिरी कोठें हेंही ठाऊक नव्हतें, त्यास गादीवर बसविलें. तरी साबाजीनें उमेद सोडिली नाहीं. जुलमी गेला, फौज कौल द्यावयास आली म्हणते, तर आतां लोक निर्भय बोलतील, ऐसें त्यानें मनीं धरिलें, आणि पौर्णिमेचे सकाळीं पुन्हा डेऱ्यास जाऊन त्यानें नीट समजाविलें कीं, "काठी खांद्यावर घेतली म्हणजे हत्यार उगारलें ऐसें नव्हे. नको, इतकेंच म्हणणें. सरकार कौल मानतील ना?" सरलष्कर बोलिले, "त्यासाठींच तर आलों," आणि विडा दिला. साबाजीनें घरोघर निरोप धाडिला कीं निर्धास्त यावें. गोदूबाई गुरवीण, वय सत्तरीपार, घरांत एकटीच, ती दारांतूनच म्हणाली, "साबाजी, त्या बंदुकांचें मला भय वाटतें रे." साबाजी म्हणाला, "ताई, मी स्वमुखें सांगोन आलों आहें." तेव्हां ती म्हणाली, "येतें बापडी. पण मला कांहीं जाहलें तर तुझ्या नांवानें बोंब मारीन हो!"

मग अडीच हजार काठ्या माळावर आल्या. दोनशें रोविल्या गेल्या, बाकीच्या खांद्यावर चढों लागल्या, आणि साबाजी रांगेनें मोजीत मोजीत नऊशेंपर्यंत आला, तों बंदुकांची फैर झडली, आणि मग दुसरी झडली. एकेचाळीस माणसें माळावर पडलीं. गोदूबाईस पोटांत गोळी लागली होती, साबाजी तिजजवळ बसला, तेव्हां तिनें बोंब मारली नाहीं, इतकेंच पुसलें, "माझी मोजलीस कां रे?" साबाजी म्हणाला, "मोजली, ताई." ती मोजावयाची राहिली होती.

साबाजी घाट चढोन थोर राज्याचे दरबारीं फिर्यादी गेला. दरबारें चौकशी बसवोन निवाडा लिहिला कीं, परमुलखाची चाल न कळल्यामुळें गैरसमज जाहला, सरलष्करांचा हेतु शुद्ध. साबाजीनें एक प्रश्न करावयाची परवानगी मागितली, ती दरबारें आपल्या न्यायप्रियतेची साक्ष म्हणोन दिधली. तो हैबतरावांस म्हणाला, "सरकार, त्या सकाळीं मी काय सांगितलें, आणि तें आपणांस कळलें कीं नाहीं?" हैबतराव जातीचे शिपाई, खोटें बोलणें त्यांस कमीपणाचें वाटे, त्यांनीं उत्तर दिलें, कारकुनानें उतरोन घेतलें, आणि निवाडा होता तोच कायम राहिला.

ऐसा मजकूर. जुलमी नाईक गेला हें खरें. परंतु पौर्णिमेस माळावर आतां कोणी येत नाहीं, भुजबा गादीवर आहे, आणि फौजही आहे. सरलष्करांची जबानी अक्षरशः लिहोन लेखणी ठेविली: "काठी खांद्यावर म्हणजे नको, हें साबाजीनें सांगितलें होतें आणि मजला समजलेंही होतें. रयतेनें भुजबास एकमुखें कौल दिला, ऐसें पत्र मी आदले दिवशींच हुजूर रवाना केलें होतें. मोजणी पुरी होऊं दिली असती तर पत्र खोटें पडतें. म्हणोन बार काढविले."