खवलोबाचा सिनेमा आणि न उठणारा प्रेक्षक

एका जंगलात, बाळांनो, सगळं होतं. झाडं होती, पाणी होतं, वाघ होता. आणि वाघ होता म्हणून वाघाचे सिनेमेही होते.

हे सिनेमे पाणवठ्यावर लागायचे. मोरांचा थवा खडकावर ओळीनं पिसारे फुलवून उभा राहायचा आणि त्या पिसाऱ्यांवर चित्र हलायचं. कसं हलायचं ते मला विचारू नका. गोष्टीत हलतं. प्रत्येक सिनेमात वाघ उडी मारायचा, डरकाळी फोडायचा आणि कुणालातरी खायचा. ज्यांना खायचा त्यांचेच भाऊबंद पुढं बसून टाळ्या वाजवायचे.

त्याच जंगलात खवलोबा नावाचं एक खवल्या मांजर राहायचं. खवलोबा स्वभावानं फार गरीब. मुंग्या खाव्यात, बिळात निजावं आणि जरा कुठं खुट्ट झालं की अंगाचा गोळा करून पडून राहावं. खवल्या मांजरांची ती रीतच आहे. संकट आलं की गोळा. पाहुणे आले की गोळा. बायको रागावली की जरा घट्ट गोळा.

तर अशा खवलोबाच्या मनात एकदा आलं, की वाघाचा सिनेमा असतो, मग आपल्यासारख्यांचा का नसावा?

घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "अगं, मी सिनेमा काढतोय."

"काढा," खवली म्हणाली. "पण आधी जेवून घ्या."

"थट्टा नाही. गोष्टसुद्धा ठरलीय. एक सांबर असतं. त्याला आपल्या शिंगांचा भारी गर्व. शेवटी तीच शिंगं करवंदाच्या जाळीत अडकतात."

"मग वाघ येतो?"

"वाघ नाहीच येत."

"मग बघायला कोण येतं?"

खवलोबानं अंगाचा गोळा केला.

पण एकदा डोक्यात शिरलेला सिनेमा बाहेर निघत नाही. खवलोबा मोरांकडं गेला. मोर म्हणाले, "वाघापेक्षा लहान प्राण्यासाठी आम्ही पिसारा उघडत नाही." मग तो घोयऱ्याकडं गेला. घोयरा म्हणजे तो रंग बदलणारा सरडा. डोळ्यानं बघायचा ते सगळं त्याला अंगावर उमटवता यायचं. म्हणजे कॅमेराही तोच आणि पडदाही तोच. पडदा वीतभर, पण आपला.

अडचण एवढीच, की घोयऱ्याचे दोन डोळे दोन दिशांना फिरायचे. एक डोळा कामावर, दुसरा माश्यांवर.

"घोयरेमामा, दोन्ही डोळे इकडं ठेवा की," खवलोबा म्हणाला.

"एक डोळा तुम्हाला दिलाय. दुसरा माझा घरगुती आहे."

नायक म्हणून भैरू सांबर मिळाला. काय ती शिंगं! पाखरं चुकून बसायची त्यांच्यावर. भैरूनं एकच विचारलं, "संपणार कधी?"

"पौषात संपेल," खवलोबा म्हणाला.

"नक्की पौषात?"

"म्हणजे काय! पौष म्हणजे पौष."

राहिली टिटवी. ती बोलावल्याशिवाय आली. कुठं काही हललं की टिटवी ओरडणारच, आणि सिनेमात तर सगळंच हलतं. तिला गप्प बसवता येईना, म्हणून खवलोबानं तिला कामावरच घेतलं. काम सुरू करायचं झालं की तिनं "सुरू" म्हणून ओरडायचं. आपल्या या हुशारीवर खवलोबा फार खूश झाला.

खवलोबाकडं पैसा नव्हता. पावसाळ्यासाठी राखलेलं एक वारूळ होतं, ते त्यानं फोडलं. टिटवीला मुंग्या, घोयऱ्याला मुंग्या. भैरूसाठी पाला तो स्वतः ओढून आणायचा.

पहिला दिवस उजाडला. भैरू मान ताठ करून उभा राहिला. घोयऱ्यानं डोळा रोखला. टिटवी ओरडली, "सुरूऽऽ!"

आणि दचकून खवलोबाचा गोळा झाला.

घोयरा थांबला. भैरू थांबला. "काय झालं गं?" त्यानं विचारलं.

"शूऽऽ," टिटवी म्हणाली. "साहेब विचार करतायत."

खवलोबा गोळ्यातून बाहेर येईपर्यंत ऊन उतरलं होतं. दुसऱ्या दिवशी तेच. मग रोजच तेच. चारदा गोळा झाला तर एखाद्या वेळी काम व्हायचं.

"जरा हळू ओरड गं बाई," खवलोबा म्हणाला.

"हळू ओरडले तर मला टिटवी कोण म्हणेल, दादा?"

तेही खरंच होतं. पौष गेला. माघ गेला. पळस फुलला. आधी काढलेल्या चित्रात झाडं बोडकी, नंतरच्या चित्रात लालभडक. भैरू जाळीच्या या बाजूनं शिरायचा थंडीत आणि त्या बाजूनं निघायचा उन्हाळ्यात. वारूळही तळाला गेलं. खवली नुसती त्या रिकाम्या वारुळात डोकावून यायची. ते खवलोबाला जास्त लागायचं.

आता एकच दृश्य राहिलं होतं. शिंगं जाळीत अडकण्याचं. त्याशिवाय सिनेमाला काही अर्थच नव्हता.

त्या सकाळी भैरू आला. खवलोबा बघतच राहिला. भैरूच्या डोक्यावर काहीच नव्हतं.

"भैरूअण्णा, शिंगं?"

"पडली."

"पडली म्हणजे? कुठं धडकलात?"

"धडकतोय कशाला. चैत्रात पडतातच. दरसाल पडतात. पुन्हा येतात की."

"अहो, मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही म्हणालात पौषात संपेल."

खवलोबाचा गोळा झाला. या वेळी कुणी ओरडलंही नव्हतं.

बऱ्याच वेळानं गोळ्यातून आवाज आला, "फांद्या आणा."

जांभळीच्या दोन फांद्या गुळवेलीनं भैरूच्या डोक्याला बांधल्या. वाळक्या फांद्या मोडत होत्या, म्हणून हिरव्या घेतल्या, पाल्यासकट. खवलोबानं सगळ्यांना जवळ बोलावलं. "हे बघा, ही शिंगं दुसऱ्यांदा टिकायची नाहीत. मी गोळा झालो तरी झालो. तुम्ही थांबू नका."

टिटवी ओरडली. खवलोबा गोळा झाला. आणि बाळांनो, पहिल्यांदाच कुणी थांबलं नाही.

भैरू जाळीत शिरला. त्यानं मान झटकली. वेल सुटली आणि एक शिंग खाली पडलं. गर्व, दुःख, पश्चात्ताप असं बरंच काही त्याला तोंडावर दाखवायचं होतं. पण गडबडीत त्या सकाळी त्याला पाला द्यायचा राहून गेला होता. भैरूनं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आणि खाली मान घालून आपलं शिंग खायला लागला. घोयऱ्याचा एक डोळा त्याच्यावर होता. दुसरा डोळा एका माशीमागं फिरत होता, आणि माशी नेमकी गोळा झालेल्या खवलोबाच्या पाठीवर बसली होती. दोन्ही डोळ्यांनी पाहिलेलं सगळं घोयऱ्याच्या अंगावर उमटलं. कोपऱ्यात खवलोबासुद्धा.

सिनेमा झाला, असं म्हणायचं.

पाणवठ्याचा कारभार एका रानडुकराकडं होता. त्यानं खवलोबाला दुपारची वेळ दिली. वैशाखातली दुपार. "संध्याकाळ वाघाची," तो म्हणाला. "आणि नियम माहीत आहे ना? शेवटपर्यंत एक तरी प्रेक्षक बसलेला पाहिजे. घरचे धरायचे नाहीत. कुणी नसलं तर उद्यापासून घोयरा माझ्याकडं, कंदमुळांच्या जाहिरातीला. अंगावरचं तुमचं चित्र पुसायचं."

एक प्रेक्षक. खवलोबाला दुसरं काही नको होतं. तो घरोघर हिंडला.

माकडं म्हणाली, "फुकट आहे का?"

"फुकटच आहे."

"मग खायला काय?"

भेकर म्हणालं, "येणार तर! पण दुसऱ्या आठवड्यात. गर्दी ओसरू दे."

खार म्हणाली, "एवढ्या उन्हात कोण येतंय? थोड्या दिवसांनी आमच्याच झाडावर दिसेल की. पडल्या पडल्या बघू."

एक ससा मात्र कान उभे करून म्हणाला, "खवलोबा, पहिल्याच खेळाला येतो. शब्द देतो."

दुपार झाली. घोयरा खडकावर चढून बसला. उन्हानं त्याचा रंग फिका पडला होता, त्यामुळं चित्रही फिकं पडलं. पाणवठा ओस. खवली खडकामागच्या सावलीत येऊन बसली, पण ती घरची, धरायची नाही. खवलोबा सशाची वाट बघत राहिला. ससा काही दिसेना. शेवटी खवलोबानं डोळे मिटून अंगाचा गोळा केला.

खेळ संपल्यावर रानडुकराचा आवाज आला, "प्रेक्षक एक. उद्या चालू."

खवलोबानं डोकं बाहेर काढलं. खडकासमोर एक अजगर पसरला होता. नजर सरळ घोयऱ्यावर. हलत नव्हता, डुलत नव्हता, डोळासुद्धा मिटत नव्हता. त्याच्या पोटात मधोमध एक फुगवटा होता. ससा शब्दाचा पक्का निघाला होता.

दुसऱ्या दिवशीही अजगर तिथंच. तिसऱ्या दिवशीही. तसाच टक लावून. जंगलात बातमी पसरली. "अजगर उठतच नाही म्हणे!" "असं आहे तरी काय त्या सिनेमात?"

मग बगळे आले. बगळे म्हणजे जंगलातली जाणती मंडळी. एका पायावर उभं राहून बघायचे, त्यामुळं त्यांना सगळंच खोल दिसायचं.

"शिंग गळतं, हा सत्तेचा त्याग," एक बगळा म्हणाला.

"गळतं ते ठीक. पण तो ते खातो. स्वतःचा भूतकाळ पचवतोय तो," दुसरा म्हणाला.

"आणि मधेच झाडं लाल होतात! काय तो काळ दाखवलाय!"

"पण कोपऱ्यात तो गोळा कसला?"

बगळ्यांनी पाय बदलले. "ती पृथ्वी आहे," सगळ्यात म्हातारा बगळा म्हणाला. सगळ्यांनी माना डोलावल्या.

खवलोबाला पुढं बोलावलं. "हे तुम्हाला सुचलं कसं?"

"खरं सांगायचं तर," खवलोबा म्हणाला, "त्या दिवशी भैरूअण्णाला भूक..."

तेवढ्यात टिटवी आनंदानं ओरडली. खवलोबाचा गोळा झाला.

"वा!" बगळे म्हणाले. "याला म्हणतात उत्तर."

त्यांनी गोळ्यावरच शाल घातली. शेजारी नारळ ठेवला. लांबून बघणाऱ्याला कुठला नारळ आणि कुठला खवलोबा ते कळत नव्हतं.

सगळे गेल्यावर अजगर हलला. त्याचं पोट आता सपाट झालं होतं. खवलोबा घाबरत घाबरत जवळ गेला. "काका, तुम्ही एवढे दिवस बसलात. कसा वाटला?"

"काय कसा वाटला?"

"सिनेमा."

"कुठं होता?"

"असा समोर. खडकावर."

"असेल, असेल," अजगर म्हणाला. "जेवण जड झालं होतं रे. आणि आम्हाला पापण्या नसतात. निजलो तरी डोळे उघडेच." आणि तो सावकाश गवतात निघून गेला.

खवलोबा शाल सावरत उभा राहिला. एक प्रेक्षक हवा होता, तोही नव्हता.

"चला घरी," खवली खडकामागून आली. वाटेत म्हणाली, "मी बघितला. रोज बघितला."

"तू धरायची नाहीस."

"माहीत आहे. पण तो कोपऱ्यातला गोळा तुम्हीच ना?"

"हो."

"वाटलंच. शेपटीचं टोक बाहेर राहतं तुमचं. सगळे आपापलं करतायत आणि तुम्ही एकटे कोपऱ्यात भेदरून पडलाय. मला तिथं रोज भरून यायचं."

इतकं बरं खवलोबाला शाल मिळाल्यावरही वाटलं नव्हतं. आणि बरं वाटलं की काय होतं ते तुम्हाला ठाऊकच आहे.

"अगं," तो म्हणाला, "दुसरी गोष्ट सुचलीय. या वेळी नायक सुरवंट. त्याला शिंगं नसतात, काही गळायचं नाही, मी विचारून घेतलंय. पौषात संपेल."

खवलीनं त्याच्याकडं एकदा पाहिलं. मग भर वाटेत ती खाली बसली आणि तिनं शांतपणे अंगाचा गोळा केला.

तात्पर्य : कुणी आपल्या सिनेमाला बोलावलं तर "येतो" म्हणावं, पण पहिल्या खेळाला जाऊ नये, शब्द पाळणाऱ्याचं भलं होत नाही. आणि सिनेमा स्वतःच काढायचा असेल, तर गोष्ट, नायक, कॅमेरा यांच्या मागं फार लागू नये. ज्याचं पोट भरलंय आणि ज्याला पापण्या नाहीत, असा एक प्रेक्षक आधी बघून ठेवावा.