मागचा डावा बंद

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या भालेराव काकांना 'दूध नासलं' एवढं सांगून भागत नाही.

"कामून?"

कामून म्हणजे का. काका मूळचे परभणीकडचे. सगळी नोकरी चाकणच्या एका कंपनीत झाली, घर रावेतला झालं, पण 'कामून' काही सुटलं नाही.

"बाहेर राहिलं, काका."

"कामून राहिलं?"

"फोन आला म्हणून आत गेले, विसरले."

"कामून आला फोन?"

आता माझ्या नणंदेनं फोन का केला हे मी कोणत्या तोंडानं सांगू? पण काका सोडतात होय! आणखी दोन कामून झाले आणि नासलेल्या दुधाचं मूळ सापडलं: माझी नणंद. "रूट कॉज मिळाला," काका समाधानानं म्हणाले. "नणंदबाईला टायमिंग बदलायला सांगा."

कंपनीत बिघाडाचं मूळ शोधायची ही पद्धत असते म्हणे. पाच वेळा 'का' विचारायचं, पाचव्याला चोर सापडतो. मी शाळेत शिकवते. दिवसभर पोरांना 'अरे, प्रश्न विचारा' म्हणून विनवते, एक मेला तोंड उघडत नाही. आणि घरी येऊन कुलपाला किल्ली लावते न लावते तोच पाठीमागून हा प्रश्नांचा मारा. मी काही फार सोशिक बाई नाही. एकदा तर 'कामून कामून काय लावलंय!' म्हणून दार आपटलं होतं. दुसऱ्या दिवशी काका स्क्रू ड्रायव्हर घेऊन हजर. "दार कामून आपटतंय बघतो," म्हणाले. बिजागरीला तेल घालून गेले.

काका मेंटेनन्सला होते. म्हणजे मशीन बंद पडलं की ज्यांना हाका मारतात, ते. त्या दिवसांबद्दल बोलताना त्यांचा चेहरा उजळतो. "लाइन बंद पडली ना ताई, की सुपरवायझर काय, मोठे साहेब काय, समदे माझ्याभोवती गोळा. कुणी बॅटरी धरतंय, कुणी पाणी आणतंय. अन् लाइन सुटली की मग कुणी चहालाबी विचारत न्हाई." हे सांगून ते खो खो हसतात. मीही हसायचे.

काकू बंगळुरूला लेकीकडे गेल्यात, नातवाला सांभाळायला. काकाही गेले होते. आठवड्यात परत आले. मी विचारलं, "काय हो, करमलं नाही?"

"तिथं कायबी बिघडत न्हाई, ताई. नळसुद्धा गळत न्हाई. माणसानं करावं काय?"

मग एक दिवस त्यांच्या डोक्यात होम थिएटर घुसलं. त्यातही टीव्ही आणि स्पीकर त्यांच्या लेखी किरकोळ. खरा जीव रिसीव्हरमध्ये. रिसीव्हर म्हणजे तो जाडजूड काळा डबा, टीव्हीचा आवाज घेऊन सगळ्या स्पीकरांना वाटून देणारा. तो निवडायला माझ्या नवऱ्याला, मिलिंदला, त्याच्या एकुलत्या सुट्टीच्या दिवशी त्यांनी चिंचवडला नेलं. घरी आला तो कपाळ धरूनच.

दुकानातल्या पोरानं भारीतला रिसीव्हर लावला, विमानं उडवली, बॉम्ब फोडले. काका ढिम्म. म्हणाले, "मागून दाखवा."

"काका, लोक पुढून बघतात."

"बिघाड मागून सुरू होत असतोय, भावा."

पोरानं डबा फिरवला. मग कौतुकानं सांगितलं, "हे मॉडेल स्वतःच सेट होतं बघा. खोली ओळखतं, आवाज जुळवतं. वर्षानुवर्षं हात लावायला लागणार नाही."

"कामून लागणार न्हाई?" काकांनी असं विचारलं, जणू पोरानं शिवीच दिली. ते मॉडेल तिथंच बाद. शेवटी कोपऱ्यात धूळ खात पडलेला जुन्या धाटणीचा एक रिसीव्हर त्यांनी पसंत केला. पाठीमागे ही भोकं, ही स्क्रूची टोकं, सगळं हातानं जुळवायचं. "याच्यात काम हाय," म्हणाले, आणि तो डबा रिक्षात मांडीवर घेऊन आले.

हातानं जुळवायचं म्हणजे माणसं आली. काकांनी हॉलमध्ये पाच खुर्च्या मांडल्या आणि रविवारी संध्याकाळी विंगमधली दारं वाजवली. मला पुढे उजवीकडे बसवलं, मिलिंदला डावीकडे. खालच्या मजल्यावरच्या पाटील आज्जींना मागचा डावा कोपरा. आज्जी इथल्या मूळच्या. आमची बिल्डिंग उभी आहे तिथं त्यांचं वांग्याचं वावर होतं, हे त्या लिफ्टमध्ये प्रत्येकाला ऐकवतात.

"आता कुणी बोलायचं न्हाई. फक्त ऐकू यायलंय का तेवढं सांगा."

काकांनी बटण दाबलं. आज्जी खुर्चीतून ताडकन उठल्या. "अगं बया! माज्या मागं कोन खाकरतंय?"

"स्पीकर हाय, आज्जी."

"आसंल. पन त्याला म्हनावं म्होरं येऊन बोल."

पुन्हा सगळे चिडीचूप बसलो, तर खाली घंटागाडी गाणं वाजवत आली आणि मिलिंद सवयीनं कचऱ्याची बादली आणायला पळाला. त्या दिवशी काहीच जुळलं नाही. पण काकांनी चाकणच्या बाजारातून आणलेल्या कांद्याची भजी तळली आणि आज्जींनी वांग्याच्या वावराची गोष्ट पहिल्यांदाच पूर्ण सांगितली. लिफ्टमध्ये ती नेहमी दुसऱ्या मजल्यावर तुटायची.

पुढच्या रविवारी दार वाजलं. "ताई, मागचा डावा बंद. या."

त्याच्या पुढच्या रविवारी, "मागचा डावा बंद." मग कधी मधला घरघरायचा, कधी पुढचा उजवा रुसायचा, पण मुख्य आजारी तो मागचा डावाच. आम्ही जायचो, खुर्च्या पकडायचो, 'आलं, आलं, गेलं' असं ओरडायचो. काका टीव्हीमागे, रिसीव्हरपाशी डोकं खुपसून तिथूनच 'कामून' विचारायचे. एकही सिनेमा आम्ही अर्ध्याच्या पुढे पाहिला नाही. मी वैतागायचे. 'माणसाला रविवार म्हणून काही असतो की नाही?' असं मिलिंदला ऐकवायचे आणि पाच वाजले की चपला घालायचे.

एका रविवारी माझा धाकटा भाऊ रोहित आला होता. तो लग्नाकार्यांत साउंडचं काम करतो. मीच त्याला समोर नेलं, म्हटलं, एकदाचं मिटवून टाक. त्यानं मागे हात घातला आणि बघता बघता सगळ्या वायरी घट्ट बसवून दिल्या. "आता काही होणार नाही, काका."

"काहीच न्हाई?" काकांनी विचारलं. आभार मानले, भजीही दिली, पण त्या दिवशी एकदासुद्धा 'कामून' म्हणाले नाहीत.

पॅसेजमध्ये आल्यावर रोहित मला हळूच म्हणाला, "ताई, ती वायर सुटली नव्हती. स्क्रू सैल करून नीट बाहेर काढलेली होती."

"म्हातारपण रे," मी म्हटलं. "विसरत असतील."

पुढच्या रविवारी पाच वाजले, सव्वापाच झाले, दार वाजलं नाही. मी म्हटलं, सुटले. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मी उगाचच पॅसेज झाडून काढला. जिन्यातून आज्जींचा आवाज आला, "आज बी बिघडलं न्हाई व्हय?"

मला राहवेना. समोरचं दार लोटलेलंच होतं. आत सिनेमा चालू होता, आवाज कसा खणखणीत, चहूकडून भरलेला. काका मधल्या खुर्चीत बसले होते. बाकीच्या चार खुर्च्या जागच्या जागी मांडलेल्या, रिकाम्या.

"बोलावलं नाहीत ते?"

"कशाला, ताई? समदं चालू हाय की." एखाद्यानं आजारपण सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

मी आपल्या जागेवर, पुढे उजवीकडे, बसले. आणि काय सांगू, त्यांचं ते भूत माझ्या मानगुटीवर बसलं. वायर कामून निघायची? काका काढायचे म्हणून. कामून काढायचे? बिघडावं म्हणून. कामून बिघडावं? बिघडलं की आम्ही येतो म्हणून. मग चालू असताना आम्ही कामून येत नाही?

लाइन सुटली की कुणी चहालाही विचारत नाही, हे त्यांनी आम्हाला किती वेळा हसत हसत सांगितलं होतं! नासलेल्या दुधाचा रूट कॉज माझ्या नणंदेपाशी पोहोचला होता. हा तर थेट माझ्याच दारात आला.

मी उठले, टीव्हीमागे वाकले आणि मागच्या डाव्याची वायर धरली. रोहित मेल्यानं बसवलेली, निघता निघेना. शेवटी दोन्ही हातांनी ओढली.

"काका, मागचा डावा बंद पडला."

काकांनी माझ्या हातातल्या वायरीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"कामून?" अगदी हळू विचारलं.

"पडला. मशीनच आहे शेवटी."

मी दुसऱ्या 'कामून'ची वाट पाहत उभी राहिले. तो आला नाही. काकांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला.

"हे एकट्याचं काम न्हाई, ताई," म्हणाले. "तुम्ही आज्जीला हाक मारा. मी कांदा कापायला घेतो."

मी जिन्यात जाऊन हाक मारली. आज्जी लिफ्टनं आल्या, दारातच कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "बिघडलं का?"

"बिघडलं, आज्जी."

"बरं झालं बाई." त्या आपल्या कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन टेकल्या. "मला वाटलं, आता कायमचंच नीट झालं."